ज्ञानकोशकार केतकर : अनेक हातांचे एक काम

कोशाच्या मुखपृष्ठावर बहुधा एकच नाव ठळकपणे छापलेले असते. तेच नाव आपल्या ध्यानात राहते आणि सारा कोश त्या एका व्यक्तीने लिहिला असावा असा समज आपण नकळत करून घेतो. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या बाबतीत हा समज इतका पक्का झाला आहे की, 'ज्ञानकोशकार' हे बिरुद त्यांच्या आडनावाचाच भाग बनले. प्रस्तुत घटकात केतकरांचे चरित्र आपण थोड्या वेगळ्या बाजूने पाहणार आहोत. त्यांची विद्वत्ता निर्विवाद आहे. परंतु तेवीस खंडांचा ज्ञानकोश केवळ विद्वत्तेच्या बळावर पूर्ण होत नाही. त्यासाठी माणसे जमवावी लागतात, त्यांना कामाला लावावे लागते आणि, सर्वांत अवघड म्हणजे, काम संपेपर्यंत टिकवून धरावे लागते.

केतकरांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजी रायपूर येथे झाला. शालेय शिक्षण अमरावतीला व महाविद्यालयीन शिक्षण मुंबईच्या विल्सन कॉलेजात झाल्यावर १९०६ साली ते अमेरिकेस गेले. कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी हिंदुस्थानातील जातिसंस्थेच्या इतिहासाचा अभ्यास केला. या विषयावरील त्यांच्या इंग्रजी ग्रंथाचा पहिला खंड १९०९ साली प्रसिद्ध झाला आणि १९११ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. त्यानंतर काही काळ लंडनमध्ये राहून १९१२ साली ते स्वदेशी परतले. काही दिवस त्यांनी कलकत्ता विद्यापीठात अध्यापनही केले. येथवरचे चरित्र एका बुद्धिमान, एकट्याने अभ्यास करणाऱ्या तरुणाचे आहे. माणसे सांभाळण्याचे शिक्षण त्यात कोठेही दिसत नाही, हे लक्षात ठेवा.

मराठीत ज्ञानकोश करावयाचा हे ठरले तेव्हा पाठीशी ना विद्यापीठ होते ना सरकारी खाते. केतकरांनी राजाश्रयाची वाट न पाहता नागपूरला 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश मंडळ लिमिटेड' ही भागभांडवलाची कंपनी उभारली. ही गोष्ट आज सहज वाटते. पण तिचा अर्थ नीट पाहा. ज्ञानाच्या कामासाठी कंपनी काढली की भागधारकाला हिशेब द्यावा लागतो, वर्गणीदाराला खंड वेळेवर पोचवावा लागतो, आणि कारकून, छापखाना व कागदवाला यांची देणी महिन्याच्या महिन्यास भागवावी लागतात. संशोधक एरवी स्वतःच्या लहरीने थांबू शकतो. येथे संपादकाच्या लहरीवर अनेकांचे पोट अवलंबून होते. पुढे काम पुण्यात आले आणि तेथेच ते तडीस गेले.

आता संपादन विभागाची कल्पना करा. काही सहकारी जुन्या पद्धतीचे संस्कृतज्ञ, काही नव्या शिक्षणाचे पदवीधर. ज्याला वेदातील संदर्भ मुखोद्गत, त्याला रसायनशास्त्रावरील इंग्रजी लेख वाचता येईलच असे नाही. आणि इंग्रजी लेख सहज वाचणाऱ्याला सुबोध मराठी लिहिता येईलच असेही नाही. त्यातच अनेक शास्त्रांची परिभाषा मराठीत स्थिर झालेली नव्हती. एकाने एका संकल्पनेला एक शब्द वापरावा आणि दुसऱ्याने त्याच संकल्पनेला दुसरा, तर वाचक दोन भिन्न वस्तू समजून बसणार. (भाषाविज्ञानाचा अभ्यासक म्हणून मला ही अडचण पैशाच्या अडचणीपेक्षाही मोठी वाटते. पैसा उसना मिळतो, परिभाषा मिळत नाही.) अशा ठिकाणी प्रमुखाने प्रत्येक लेख स्वतः लिहून काढण्याचा मोह आवरावा लागतो. नोंदींची यादी करणे, विषय वाटून देणे, लेखाची मर्यादा ठरविणे, आलेला मजकूर तपासून परत करणे, हे रुक्ष दिसणारे कामच कोशाचा कणा असते.

केतकरांच्या योजकतेचा विचार करताना खंडांचा क्रम मला नेहमी बोलका वाटतो. ज्ञानकोश म्हटला की 'अ'पासून आरंभ होणार, अशी आपली अपेक्षा असते. परंतु पहिले पाच खंड प्रस्तावनेचे आहेत : 'हिंदुस्थान आणि जग', 'वेदविद्या', 'बुद्धपूर्व जग', 'बुद्धोत्तर जग' आणि 'विज्ञानेतिहास'. अकारविल्हे नोंदी त्यानंतर येतात. यामागे केतकरांची इतिहासदृष्टी आहेच. तथापि याचा एक व्यावहारिक लाभही ध्यानात घ्यावा. अकारविल्हे कोशात 'अ'ची एक नोंद अडली की पुढचे सारे पान अडते, आणि नवख्या लेखकांकडून अशा नोंदी प्रथमच वेळेवर येणे कठीण. विषयवार खंडांमुळे छपाई चालू राहिली, वर्गणीदारांच्या हाती काही पडू लागले, आणि सहकाऱ्यांचा हात दरम्यान बसत गेला असावा, असे माझे मत आहे. १९२० ते १९२७ या काळात खंडांमागून खंड बाहेर पडले, ते पाहता ही मांडणी फलदायी ठरली असेच म्हणावे लागते.

सहज करून पाहा : ज्ञानकोशाचा कोणताही एक खंड मिळवा (आता हे खंड संगणकावरही वाचता येतात) आणि भिन्न विषयांवरील दोन नोंदी शेजारी ठेवून वाचा. लिहिणारे हात दोन आहेत हे कोठे जाणवते, कोठे जाणवत नाही, याची टिपणे काढा. तुमच्यापैकी अनेकजण नोकरी सांभाळून शिकत आहेत. कार्यालयात चौघांनी मिळून तयार केलेल्या अहवालाला हीच कसोटी लावता येईल.

केतकरांना आदर्श पुढारी ठरविण्याची घाई मात्र करू नये. ते आपल्या मतांना चिकटून राहणारे, चाकोरीबाहेरचे आणि स्वतःच्या कामाविषयी तीव्र अभिमान असलेले गृहस्थ होते. ज्ञानकोशाच्या कामाची हकीकत त्यांनी १९२७ साली ग्रंथरूपाने मांडली. तिला त्यांनी दोन नावे दिली : 'माझे बारा वर्षांचे काम' आणि 'ज्ञानकोश मंडळाचा इतिहास'. एक नाव 'माझे' म्हणते, दुसरे 'मंडळाचा' म्हणते. समूहाचा प्रमुख असलेल्या प्रत्येकाच्या मनात चालणारी ओढाताण त्या एका मुखपृष्ठावर उघडी पडली आहे. 'ब्राह्मणकन्या'सारख्या कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या, त्या मात्र सर्वस्वी एकट्याच्या. तेथे मजकूर वाटून देण्याचा प्रश्नच नव्हता.

घरातील सहकार्याचाही येथे निर्देश केला पाहिजे. लंडनमध्ये परिचय झालेल्या ईडिथ कोह्न या जर्मन ज्यू विदुषीशी १९२० साली, व्रात्यस्तोम विधी करून, त्यांचा विवाह झाला. त्या शीलवतीबाई केतकर झाल्या. विंटरनिट्झ यांच्या भारतीय वाङ्मयेतिहासाचा जर्मनमधून इंग्रजीत अनुवाद त्यांनी केला आणि त्याचा पहिला खंड कलकत्ता विद्यापीठाने १९२७ साली प्रसिद्ध केला. ज्ञानकोश पूर्ण होत असतानाच त्याच घरात हे दुसरे मोठे काम चालू होते. आपल्या वाङ्मयेतिहासांत मात्र त्याला एखाददुसऱ्या ओळीपलीकडे जागा मिळत नाही.

ज्ञानकोशानंतर केतकरांनी गुजराती ज्ञानकोशही हाती घेतला. तो पुरा झाला नाही. १९३१ साली हैदराबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले, परंतु आर्थिक स्थैर्य लाभले नाही. मधुमेहाने शरीर पोखरले होते. १० एप्रिल १९३७ रोजी पुण्यात, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या हाताखाली ज्ञानकोशात काम केलेल्यांपैकी यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे ही दोन नावे पुढील घटकात आपल्याला पुन्हा भेटतील. नोंदी पाडणे, मजकूर तपासणे, मुदतीत खंड काढणे, हे सारे त्यांनी ज्ञानकोशाच्या कचेरीत पाहिले व केले होते. तो अनुभव घेऊन त्यांनी इतर सहकाऱ्यांसह 'महाराष्ट्र शब्दकोश' सुरू केला. त्याचा पहिला विभाग १९३२ साली निघाला आणि सातवा १९३८ साली, केतकरांच्या मृत्यूनंतरच्या वर्षी.