उन्हाची बाजू घेणारा गणिती

ढग आला की वाशीमच्या शेतातला सौर पंप मंदावतो. अशा सतत वरखाली होणाऱ्या उन्हाचे आणि विजेचे गणित मांडताना जी एक रीत कामी येते, ती आधी सुचलेल्यांपैकी एक दामोदर धर्मानंद कोसंबी. आपल्याकडे ते इतिहासकार म्हणूनच माहीत. गणित बिचारे मागे राहिले.

1907 साली गोव्यात जन्म, 1929 मध्ये हार्वर्डची पदवी, मग बनारस, अलीगढ आणि पुण्याचे फर्ग्युसन. तिथे असतानाच 1943 मध्ये त्यांनी दाखवले, की अनियमित चढउतारसुद्धा ठरावीक मूळ आकारांच्या बेरजेत मांडता येतात. कारुनेन आणि लोएव्ह यांनी हेच नंतर स्वतंत्रपणे मांडले. रीत चालते ती त्या दोघांच्या नावाने.

पुढे होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते प्राध्यापक झाले. अणुवीज महाग पडेल, भारताला ऊन फुकट मिळते, संशोधन त्यावर करा, असे ते उघडपणे सांगत. आणि अणुकार्यक्रमाचे सूत्रधार तर भाभाच! 1962 मध्ये संस्थेतली नोकरी संपली. 1966 च्या जानेवारीत भाभा विमान अपघातात गेले. 29 जूनला पुण्यात कोसंबी झोपेतच गेले.