रुडॉल्फ डिझेल : इंजिनाचा जनक आणि काजळीचा प्रश्न

डिझेल इंजिनाचे जनक रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिस येथे एका जर्मन कुटुंबात झाला. म्युनिक येथे कार्ल फॉन लिंडे यांच्याकडे शिकत असताना, वाफेच्या इंजिनात बहुतांश उष्णता वाया जाते, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली. हा अपव्यय टाळणे हेच त्यांचे जीवितकार्य ठरले.

दाबामुळे तप्त झालेल्या हवेत इंधन ठिणगीवाचून पेटवणाऱ्या इंजिनाचे पेटंट त्यांना १८९३ मध्ये मिळाले. अनेक अपयशांनंतर १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे या इंजिनाने २६ टक्के कार्यक्षमता गाठली. कीर्तीबरोबर कर्जही वाढले. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री इंग्लंडला जाणाऱ्या ‘ड्रेस्डेन’ जहाजावरून ते नाहीसे झाले. काही दिवसांनी त्यांचा मृतदेह समुद्रात आढळला. मृत्यूचे गूढ कायम राहिले.

त्यांच्या इंजिनात हवेशी नीट न मिसळलेल्या इंधनाची काजळी होते. ती अडवणारा फिल्टर भारतात १ एप्रिल २०२० रोजी बीएस-६ मानके लागू झाल्यानंतर डिझेल मोटारींत सर्रास आला. साठलेली काजळी जळण्यास सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते. मात्र उष्णतेची बचत करणाऱ्या या इंजिनातून बाहेर पडणारे वायू तुलनेने थंड असतात. त्यामुळे शहरातील लहान फेऱ्यांत फिल्टर पुरेसा तापत नाही आणि तुंबतो.

फिल्टरचा इशारादर्शक दिवा लागल्यास वाहनपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे महामार्गावर काही वेळ सलग वेगाने मोटार चालवावी. इंजिनासाठी कमी राख होणारे, शिफारस केलेले तेलच वापरावे. दिवा वारंवार लागत असल्यास फिल्टर बदलण्यापूर्वी इंजेक्टर व सेन्सर तपासून घेणे हिताचे ठरते.