सॅम्युएल हा-लेवी अबुलाफिया

सॅम्युएल हा-लेवी अबुलाफिया (जन्म: उबेदा, इ.स. १३२० च्या सुमारास. मृत्यू: सेव्हिया, इ.स. १३६० च्या सुमारास) हा कास्तिलचा राजा पहिला पेद्रो याचा मुख्य खजिनदार आणि तोलेदो येथील एल त्रान्सितो या सिनेगॉगचा निर्माता होता. या वास्तूत आज स्पेनमधील ज्यूंच्या, म्हणजे सेफार्दींच्या, इतिहासाचे संग्रहालय आहे.

कारकीर्द

अबुलाफिया हे तोलेदोतील प्रतिष्ठित ज्यू घराणे होते. सॅम्युएल आरंभी हुआन आल्फोन्सो दे आल्बुर्केर्के या प्रबळ सरदाराचा कारभारी होता. पुढे तो राजाच्या सेवेत गेला. १३५४ मध्ये बंडखोर सरदारांनी पेद्रोला तोरो येथे अडकवून ठेवले, तेव्हा सॅम्युएल त्याच्यासोबत होता व तेथून निसटण्यात त्याने राजाला साह्य केले. त्यानंतर करवसुली करणाऱ्यांचे हिशेब तपासून, थकलेल्या रकमा वसूल करून त्याने राजाचा रिता खजिना भरला.

सिनेगॉग

नवी सिनेगॉग बांधण्यास चर्चच्या नियमांनी मनाई होती. तरीही १३५७ च्या सुमारास राजाच्या संमतीने हे बांधकाम पूर्ण झाले. बाहेरून साध्या दिसणाऱ्या या वास्तूतील प्रार्थना-दालन मात्र मुदेहार शैलीतील चुनेगच्चीच्या नक्षीने भरलेले असून त्याला कोरीव लाकडी छत आहे. दक्षिणेच्या बाजूस स्त्रियांसाठी सज्जा आहे. भिंतींवर हिब्रू स्तोत्रांसह अरबी लेखही आढळतात. पूर्वेकडील भिंतीवरील हिब्रू लेखांत ईश्वराबरोबरच राजा पेद्रो व सॅम्युएल यांचीही स्तुती आहे; जवळच कास्तिल व लेओन यांची राजचिन्हे आहेत.

अटक व मृत्यू

बांधकामाला काही वर्षे होतात न होतात तोच, १३६० च्या सुमारास, त्याच पेद्रोने सॅम्युएल व त्याच्या नातलगांना अटक करून त्यांची संपत्ती जप्त केली. आणखी धन दडवल्याच्या संशयावरून सेव्हिया येथे त्याचा छळ करण्यात आला व त्यातच तो मरण पावला.

नंतरचा काळ

१४९२ मध्ये ज्यूंची स्पेनमधून हकालपट्टी झाल्यावर सिनेगॉग कालात्राव्हा या लष्करी धर्मसंघाकडे गेले व त्याचे चर्च झाले. 'त्रान्सितो' हे नाव याच ख्रिस्ती काळातले. त्याचा संबंध मरियेच्या देहावसानाशी आहे. १८७७ मध्ये वास्तूला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला आणि १९६४ मध्ये सेफार्दी संग्रहालयाची स्थापना झाली. पेद्रोची स्तुती करणारा लेख व त्याची राजचिन्हे अजूनही त्याच भिंतीवर आहेत.