तुरीच्या ‘मर’चा माग काढणारे बटलर

परभणी जिल्ह्यातील पूर्णा परिसरात कापूस अथवा सोयाबीनच्या ओळींमध्ये तुरीचे तास घेण्याची रीत आहे. ऐन फुलोऱ्यात, शेंगा धरण्याच्या दिवसांत, त्यातील काही झाडे माना टाकतात. जमिनीत ओल असूनही पाने पिवळी पडतात आणि उभे झाड वाळून जाते. या ‘मर’ रोगाचा खरा गुन्हेगार शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हुडकून काढणारे एडविन जॉन बटलर हे शिक्षणाने मात्र वैद्यकाचे पदवीधर होते.

बटलर यांचा जन्म १३ ऑगस्ट १८७४ रोजी आयर्लंडमधील किल्की येथे झाला. बटाट्यावरील करप्याने त्या देशात दुष्काळ पाडून लाखोंचे बळी घेतले, त्याला तेव्हा जेमतेम तीस वर्षे होत होती. कॉर्क येथे वैद्यकाची पदवी घेऊनही बटलर यांचे मन रमले ते बुरशीच्या अभ्यासात. १९०१ मध्ये सरकारी बुरशीशास्त्रज्ञ म्हणून ते कलकत्त्यास आले आणि १९०५ पासून बिहारमधील पुसा येथील नव्या शेतकी संशोधन संस्थेत काम करू लागले. उसाची लाल कूज, गोदावरीच्या मुखाकडील ताडांचे कुजणारे कोंब, असे अनेक रोग त्यांनी अभ्यासले.

तुरीचे कोडे अधिक अवघड होते. रोगट खोड चिरले की आत काळसर रेषा दिसतात. बुरशी मुळांतून शिरून पाणी वाहणाऱ्या नलिकांत पसरते. झाडही स्वस्थ बसत नाही. शत्रूला अडविण्यासाठी ते आपल्याच नलिकांत डिंकासारखे पदार्थ भरते. बुरशी आधीच पुढे सरकली असेल, तर हाच बंदोबस्त झाडाचे पाणी तोडतो.

अमेरिकी शास्त्रज्ञ एर्विन स्मिथ यांनी १८९९ मध्ये कापूस, कलिंगड व चवळीच्या अशाच रोगाचा ठपका नियोकॉस्मोस्पोरा या बुरशीवर ठेवला होता. तुरीच्या मेलेल्या मुळांवरही ती सापडे, त्यामुळे संशय तिच्यावरच जाणे स्वाभाविक होते. बटलर यांनी निरोगी झाडांना मुद्दाम लागण करून पाहिली. ही बुरशी केवळ मृत मुळांवर जगते, झाड मारते ती दुसरीच, हा निष्कर्ष त्यांनी १९१० मध्ये मांडला आणि त्या दुसरीला फ्युजेरियम उडम हे नाव दिले. ती पिकाच्या धसकटांत व मातीत वर्षानुवर्षे तग धरते. म्हणूनच पानांवर कितीही फवारले तरी उपयोग नसतो. पिकांची फेरपालट आणि रोगाला दाद न देणारे वाण हेच उपाय उरतात.

१९१८ मध्ये त्यांचा वनस्पतिरोगांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९२० मध्ये लंडनजवळील क्यू येथे स्थापन झालेल्या बुरशीशास्त्र संस्थेचे ते पहिले संचालक झाले. १९३९ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. ४ एप्रिल १९४३ रोजी त्यांचे निधन झाले.

पुढे परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या बदनापूर केंद्राने बीएसएमआर ७३६ हा तुरीचा वाण काढला. मर आणि वांझ या दोन्ही रोगांना तो प्रतिकार करतो.