जॉन मॅकार्थी आणि कंसांची भाषा

‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हे नाव आज घरोघरी पोहोचले आहे. १९५५ साली एका संशोधन-प्रस्तावात ते योजणाऱ्यांपैकी प्रमुख होते जॉन मॅकार्थी. त्यांची दुसरी निर्मिती, लिस्प ही प्रोग्रॅमिंगची भाषा, मात्र जाणकारांपुरतीच परिचित राहिली.

मॅकार्थी यांचा जन्म ४ सप्टेंबर १९२७ रोजी बोस्टन येथे झाला. वडील आयर्लंडमधून, आई लिथुआनियातून अमेरिकेत आलेली. शाळेत असतानाच त्यांनी कॅलटेक या संस्थेची गणिताची पाठ्यपुस्तके घरी अभ्यासली. तेथे प्रवेश मिळाल्यावर गणिताची पहिली दोन वर्षे त्यांना माफ झाली. (व्यायामाच्या तासांना दांडी मारल्याने याच संस्थेने त्यांना काही काळ बाहेरही काढले होते!) १९५१ मध्ये त्यांनी प्रिन्स्टनमधून पीएच.डी. मिळवली.

१९५८ मध्ये एमआयटीत त्यांनी लिस्पचे काम सुरू केले. तेव्हाची फोरट्रान भाषा आकडेमोडीसाठी होती. मॅकार्थींना चिन्हे आणि याद्या हाताळायच्या होत्या. लिस्पमध्ये आज्ञा आणि माहिती दोन्ही कंसांतल्या याद्याच. दोन आणि तीनची बेरीज (+ २ ३) अशी लिहायची. त्यामुळे एक प्रोग्रॅम दुसऱ्याला यादीसारखा वाचू शकतो, बदलूही शकतो. लिस्पचा अर्थ लावणारे एक फंक्शन मॅकार्थींनी लिस्पमध्येच मांडले, पण ते केवळ सिद्धांत म्हणून. सहकारी स्टीव्ह रसेल यांनी तेच आयबीएम ७०४ संगणकाच्या यंत्रभाषेत उतरवायचे ठरवले. मॅकार्थींना हा घोटाळा वाटला. रसेल यांनी तरीही ते केले आणि लिस्प चालू लागली. गंमत म्हणजे कंसांचे लेखनही तात्पुरतेच होते. गणिताच्या नेहमीच्या लेखनासारखी पद्धत नंतर यायची होती, ती रुजलीच नाही.

हे फंक्शन जेमतेम पानभराचे. म्हणूनच आजही कितीतरी हौशी प्रोग्रॅमर सुट्टीत स्वतःची छोटी लिस्प लिहून पाहतात. रिच हिकी यांनी नोकरीतून सवड काढून, पदरच्या पैशाने ‘क्लोजर’ ही लिस्पच्या कुळातली भाषा रचली आणि २००७ मध्ये सर्वांसाठी खुली केली. ‘जीएनयू ईमॅक्स’ हा मुक्त संपादक तर वापरणारेच लिस्पच्या ओळी लिहून हवा तसा बदलतात. वापरात नसलेली स्मृती आपोआप मोकळी करण्याची युक्तीही लिस्पचीच. जावा आणि पायथॉन तिच्यावर विसंबून आहेत.

१९६२ पासून मॅकार्थी स्टॅनफर्डमध्ये होते. १९७१ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला. २४ ऑक्टोबर २०११ रोजी त्यांचे निधन झाले.