रूझवेल्टसाहेबांची मोटार

ज्याचे पाय गेले त्याचे जग ओसरीएवढे होते. बाजार, दवाखाना, उपासना, सोयऱ्यांचे लग्न ही सर्व ठिकाणे गाडीबैल जुंपणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहतात. अशा स्थितीत ज्यांनी चोवीस वर्षे काढली त्या एका थोर गृहस्थांचे वृत्त आम्ही आज वाचकांपुढे ठेवितो.

फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा जन्म ३० जानेवारी १८८२ रोजी न्यू यॉर्क संस्थानातील हाईड पार्क येथे सधन घराण्यात झाला. सन १९२१ च्या ऑगस्ट महिन्यात, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, कँपोबेलो बेटावर असता त्यांस ताप आला व थोड्याच दिवसांत दोन्ही पाय लुळे पडले. डॉक्टरांनी पोलिओ ठरविला. तेथून त्यांस डोलीवर घालून होडीने व मग आगगाडीने न्यावे लागले. पुढे ते पायांस पोलादी पट्ट्या बांधून, कोणाचा तरी हात धरून चार पावले टाकू लागले. घरात फिरण्यास साधी खुर्ची घेऊन तिला चाके लावविली. ती अरुंद असल्यामुळे दारांतून सहज जात असे.

सन १९२४ मध्ये ते जॉर्जिया संस्थानातील वॉर्म स्प्रिंग्ज या खेडेगावी उन्हाळ्याच्या, म्हणजे ऊन पाण्याच्या, झऱ्यांत पोहण्यास गेले. वर्तमानपत्रांत ही वार्ता छापून येताच दूरदूरचे पांगळे लोक आगगाडीने तेथे येऊन उतरू लागले. त्यांस उतरून घेण्याची काही व्यवस्था नव्हती. शिवाय तेथील पाहुणे त्यांच्यासंगे एका पंगतीस बसण्यास व एका कुंडात उतरण्यास राजी नव्हते. रूझवेल्टसाहेबांनी त्यांच्याकरिता निराळी सोय केली, सन १९२६ मध्ये आपल्या संपत्तीचा मोठा भाग घालून ती जागाच विकत घेतली व दुसऱ्या वर्षी तेथे एक संस्था स्थापिली. पायऱ्यांच्या जागी उतरण्या बांधल्या. खुर्च्या ढकलण्यास तरुण मुले नेमली. त्यांचे काम एवढेच की ज्याला जेथे जावयाचे तेथे त्याला पोहोचवावे. हे काम हलके आहे असे आम्हांस वाटत नाही.

आता मोटारीची गोष्ट. फोर्ड मोटार चालविण्यास पायांचाही उपयोग करावा लागे. त्यांनी हातांनी चालतील अशा दांड्या तिला बसवून घेतल्या आणि जॉर्जियाच्या धुळीच्या वाटांनी ते एकटे हिंडू लागले. खाली उतरता येत नसल्यामुळे ते कुंपणापाशी मोटार उभी करीत व शेतकरीच जवळ येऊन दारावर हात टेकून उभे राहत. कापसाला भाव नाही, घरात दिवा नाही, हे त्यांनी तेथे बसल्या जागी ऐकिले. त्यांच्या स्वतःच्या बंगलीचा विजेचा आकार हाईड पार्कच्या चौपट येई. सन १९३३ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले व सन १९३५ मध्ये त्यांनी खेड्यांत वीज नेण्याचे स्वतंत्र खाते काढिले. त्या वेळी तेथील शेतकऱ्यांच्या दहा घरांपैकी सुमारे एकातच वीज होती.

एवढे सांगून आम्ही थांबलो तर वाचकांस अर्धेच सत्य सांगितल्यासारखे होईल. ज्या वॉर्म स्प्रिंग्जमध्ये पांगळ्यांस पंगतीबाहेर बसविल्याचे दुःख ठाऊक होते, तेथेच काळ्या वर्णाच्या रोग्यांस मात्र प्रवेश नव्हता. त्या प्रांतातील वर्णभेदाच्या चालीपुढे रूझवेल्टसाहेबांनी मान तुकविली. पाणवठा वेगळा राखणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस घरच्या अनुभवाने ठाऊक आहे. म्हणून ही गोष्ट झाकणे आम्हांस योग्य वाटले नाही. सन १९३८ मध्ये त्यांनी स्थापिलेल्या पोलिओनिवारक संस्थेच्या पैशाने सन १९४१ मध्ये अलाबामातील टस्कीगी येथे काळ्या रोग्यांकरिता निराळे रुग्णालय निघाले. उपचार मिळाला, भिंत राहिली.

दुसरी एक गोष्ट. आपण चाकांच्या खुर्चीत बसतो हे लोकांच्या दृष्टीस पडू नये म्हणून ते फार जपत, व छायाचित्रकारांस तशी ताकीद असे. मतदार पांगळ्यास निवडणार नाहीत, ही धास्ती. त्यांस दोष देणे सोपे आहे. पण मंडळीच्या पंचांत लंगड्या भावास आपण कितीदा निवडिले, हे आम्ही मनात मोजून पाहिले आणि गप्प राहिलो.

लोकांनी त्यांस चार वेळा निवडून दिले. दिनांक १२ एप्रिल १९४५ रोजी वॉर्म स्प्रिंग्ज येथेच त्यांचा अंत झाला. हातदांड्यांची त्यांची एक फोर्ड मोटार तेथील संग्रहालयात ठेविली आहे.