संत गाडगेबाबा

(इयत्ता ४ थी)

मागच्या पावसाळ्यात माझी आजी खूप आजारी पडली. तिला नागपूरला मेडिकलमध्ये भरती केले होते. वीस दिवस आई तिच्याजवळ थांबली, आणि वडील रात्री जवळच्या गाडगे महाराज धर्मशाळेत झोपायला जायचे. एका रविवारी मी पण त्यांच्यासोबत गेलो. तिथे लांबलांबच्या गावचे लोक होते. सगळ्यांचे कोणी ना कोणी दवाखान्यात होते. एका म्हाताऱ्या आजोबांच्या डब्यात दोनच भाकरी होत्या. त्यातली एक त्यांनी मला दिली. मी नाही म्हटले, तर ते रागावले!

गाडगेबाबांचा फोटो आमच्या शाळेत पण आहे. पण मी तो कधी नीट पाहिलाच नव्हता. मग गुरुजींना विचारले. त्यांनी मला पुस्तक दिले आणि भित्तिपत्रकासाठी लिही म्हणून सांगितले.

गाडगेबाबांचे खरे नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट घराण्यात झाला. आईचे नाव सखुबाई. वडील दारूच्या पायी लवकर वारले. म्हणून डेबूजी आईसोबत मामाच्या घरी दापुऱ्याला राहायला गेले. तिथे ते गुरे चारायचे, शेतात राबायचे. त्यांना शाळा मिळाली नाही. ते मोठे झाले, लग्न झाले. मुलीच्या बारशाला भाऊबंदांना दारू आणि मटण द्यायची रीत होती. डेबूजींनी गोड जेवण दिले. लोक खूप नाराज झाले असतील, पण त्यांनी ऐकले नाही.

१९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात बांगडीचा तुकडा, हातात खराटा आणि एक मातीचे गाडगे. त्यातच जेवायचे, त्यातच पाणी प्यायचे. म्हणून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. कोणत्याही गावात गेले, की आधी रस्ते आणि नाल्या झाडायचे. लोकांना वाटायचे हा कोण वेडा आला. मग रात्री त्याच वेड्याचे कीर्तन ऐकायला सारे गाव जमायचे. कीर्तनात ते लोकांनाच प्रश्न विचारायचे. देवाला बकरे कापू नका, कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, शिवाशिव पाळू नका आणि पोरांना शाळेत घाला, असे ते सांगायचे. जेवणाचे ताट विकावे लागले तरी चालेल, हातावर भाकर घेऊन खा, पण पोराला शिकवा, असे त्यांचे सांगणे होते. ज्यांना स्वतःला वाचता येत नव्हते, त्यांनी हे सांगितले!

१९२३ साली ते कोकणात खारेपाटणला कीर्तन करत होते. तेव्हा त्यांचा मुलगा गोविंद वारल्याची बातमी आली. त्यांनी कीर्तन थांबवले नाही. हे मी आजीला वाचून दाखवले. ती काहीच बोलली नाही. मला पण हे नीट समजले नाही. मी असतो तर रडत घरी गेलो असतो.

लोक त्यांना पैसे द्यायचे. पुष्कळ द्यायचे. त्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी धर्मशाळा झाल्या. पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा झाली, कारण तिथे शिवाशिवीमुळे गरीब वारकऱ्यांना कोणी जागा देत नसे. पुढे १९४९ साली ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेला देऊन टाकली. एवढे पैसे माझ्या हातात आले असते तर मी आधी सायकल घेतली असती. बाबांनी स्वतःसाठी एक खोली सुद्धा ठेवली नाही. बायको-मुली झोपडीतच राहिल्या. त्यांना कसे वाटत असेल, ते पुस्तकात नाही.

मी वडिलांना विचारले, की ज्याच्याजवळ फुटके गाडगे होते त्याला लोक श्रीमंत कसे म्हणतात? वडील म्हणाले, त्यांची श्रीमंती मनातली होती. मला नीट कळले नाही. पण मग ते डबेवाले आजोबा आठवले. त्यांची बायको आजीच्या आधीपासून भरती होती. तरी उरलेली एक भाकर खाताना ते मला गंमत सांगून हसवत होते.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीला जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडगेबाबा गाडीतच वारले. अमरावतीच्या विद्यापीठाला आता त्यांचे नाव आहे. शाळेत न गेलेल्या माणसाचे नाव!

माझी आजी बरी होऊन घरी आली. त्या आजोबांच्या बायकोचे काय झाले, ते वडिलांना माहीत नाही, कारण आम्ही आधी निघालो. त्यांचे गाव विचारायचे राहून गेले.

बाजूचे चित्र मीच काढले आहे. खराटा जरा मोठा झाला.